सिम्बॉल मॉडेलमध्ये ठेवायचे की लेआउटमध्ये, आणि सेक्शन मार्कमधले नंबर सारखे का चुकतात

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते म्हणजे मला नीट समजलाय का ते कळेल. अंधेरीतल्या ऑफिसात तुम्ही चार महिन्यांपूर्वी ड्राफ्टिंगला लागलात, ऑफिसची जुनी सिम्बॉल लायब्ररी आहे, त्यात सेक्शन मार्क (इमारत कुठे कापून दाखवलीय त्याची खूण), ग्रिड बबल (कॉलमच्या रेघांचे नंबर लिहायचा गोल), लेव्हल, दारंखिडक्यांचे टॅग सगळं आहे. पण 1:100 च्या प्लॅनमधला मार्क कॉपी करून 1:20 च्या टॉयलेट डिटेलमध्ये टाकला की भला मोठा येतो आणि मग हाताने स्केल करत बसावं लागतं. एक सीनियर म्हणतात सगळं मॉडेलमध्येच ठेव, म्हणजे जिथे इमारत खऱ्या मापात काढतो तिथे, दुसरे म्हणतात सगळं लेआउटमध्ये, म्हणजे छापायच्या शीटवर, यूट्यूबवर सांगतात अ‍ॅनोटेटिव्ह कर. आणि शेवटी तुम्ही सहज लिहिल्यासारखं लिहिलंय की शीटचे नंबर बदलले की सेक्शन मार्कमधले नंबर चुकतात आणि बोलणी तुम्हाला बसतात.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. एक साइझचा, दुसरा पत्त्याचा, म्हणजे मार्क कुठल्या शीटकडे बोट दाखवतो त्याचा. साइझचा प्रश्न एका दुपारी कायमचा सुटतो. पत्त्याचा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलाय पण साइटवर तोडफोड होते ती त्याच्यामुळे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

आधी साइझचं. मी 1995 ला बोर्डवर सुरुवात केली, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंग पेन, सर्कल टेम्पलेट. तेव्हा हा प्रश्न कोणाला पडतच नव्हता. प्लॅन 1:100 असो नाहीतर डिटेल 1:10 असो, बबल टेम्पलेटच्या त्याच एका भोकातून काढायचा, कारण बबल कागदावरची गोष्ट आहे, बिल्डिंगमध्ये काही तो गोल नसतो. इमारत लहान होऊन कागदावर यायची आणि चिन्ह कागदाच्याच मापात असायचं. दोन वर्षांनी ऑफिसात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आर 14 आलं आणि सगळं उलटं झालं, आता इमारत खऱ्या मापात काढायची, 9 मीटरची भिंत म्हणजे 9000 आणि कागदाच्या मापातलं चिन्ह तिच्याशेजारी दिसायला हवं तर ते फुगवायला हवं. 10 मिलिमीटरचा बबल 1:100 ला छापायचा असेल तर मॉडेलमध्ये तो 1000 चा लागतो, म्हणजे चांगला एक मीटर. 1:50 ला 500 चा, 1:20 ला 200 चा. म्हणून तुमचा 1:100 चा मार्क 1:20 मध्ये पाचपट दिसतो, लायब्ररीत काही बिघाड नाहीये.

आता कुठे ठेवायचं. तुमचे दोन्ही सीनियर अर्धे अर्धे बरोबर आहेत. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते, हे चिन्ह इमारतीबद्दल बोलतंय का कागदाबद्दल? दाराचा टॅग, खोलीचं नाव, ग्रिड, लेव्हल, जिन्यावरचा अपचा बाण, टॉयलेटमधला उताराचा बाण, हे सगळे इमारतीबद्दल बोलतात. भिंत सरकली तर यांनीही तिच्याबरोबर सरकायला हवं, म्हणून यांची जागा मॉडेलमध्ये. ड्रॉइंगखालचं टायटल आणि त्याचं स्केल, रिव्हिजनचा ढग आणि त्रिकोण, की-प्लॅन, जनरल नोट्स, हे कागदाबद्दल बोलतात, ते लेआउटमध्ये.

सगळं लेआउटमध्ये ठेवणाऱ्यांचं काय होतं ते सांगते. प्लॅनमध्ये दार 450 ने सरकवलं, टॅग लेआउटमध्ये होता, तो जागेवरच राहिला आणि आता डी 2 हा दाराचा टॅग कोऱ्या भिंतीवर. वर आणखी एक, तोच फ्लोअर प्लॅन तुम्ही तीन शीटवर दाखवता, वर्किंग प्लॅन, फ्लोअरिंग, इलेक्ट्रिकल. म्हणजे तेच टॅग तीनदा टाकले. क्लायंटने एका दाराचं शटर बदललं, डी 2 चा डी 2ए झाला, एका शीटवर बदलला, दोन राहिले. साइटवर सुतार ज्या शीटवरून काम करतोय ते नेमकं राहिलेल्यातलं.

सगळं मॉडेलमध्ये ठेवणाऱ्यांचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे. त्याच दुखण्यावर अ‍ॅनोटेटिव्ह हे औषध ऑटोकॅड 2008 मध्ये आलं. कल्पना साधी आहे, ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा टाकायचं चिन्ह) कागदाच्या मापात काढायचा, 10 चा बबल म्हणजे 10 चाच आणि ब्लॉक बनवताना अ‍ॅनोटेटिव्हवर टिक करायची. मग टाकताना खाली स्टेटस बारमध्ये जे अ‍ॅनोटेशन स्केल असेल त्याप्रमाणे तो स्वतः फुगतो. तोच ब्लॉक दोन स्केलना हवा असेल तर ऑब्जेक्टस्केल कमांडने दुसरं स्केल जोडायचं, मग 1:100 च्या व्ह्यूपोर्टमध्ये (लेआउटवरच्या मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीत) आणि 1:50 च्या व्ह्यूपोर्टमध्ये कागदावर तो सारख्याच मापाचा छापला जातो.

यात नवीन माणूस तीन ठिकाणी फसतो. पहिलं, जुना ब्लॉक आधीच 100 पट फुगवून ठेवलेला असतो आणि त्यालाच अ‍ॅनोटेटिव्ह करतात, मग तो परत 100 पट होतो आणि स्क्रीनवर फक्त एक कमान दिसते. ब्लॉक कागदाच्या मापात परत काढा, जुना फुगवलेला वापरू नका. दुसरं, अ‍ॅनोऑटोस्केल चालू ठेवतात. ते चालू असलं की तुम्ही सहज स्केल बदलून बघितलं तरी ड्रॉइंगमधल्या सगळ्या अ‍ॅनोटेटिव्ह गोष्टींना ते स्केल चिकटत जातं, महिन्याभराने एकेका टॅगला सात-आठ स्केल लागलेले असतात आणि प्रत्येक स्केलला त्याची जागा वेगळी असू शकते, मग इकडे हलवलं तर तिकडे हलत नाही आणि तुम्ही वेडे व्हायची वेळ येते. मी ते बंदच ठेवते आणि हवं ते स्केल हाताने जोडते. चुकून जागा विस्कटल्या असतील तर अ‍ॅनोरीसेट आहे, त्याने सगळ्या स्केलची जागा परत एक होते. तिसरं, व्ह्यूपोर्टला लॉक करत नाहीत. कोणीतरी आत जाऊन यादीतून भलतंच स्केल निवडतं आणि ते स्केल ब्लॉकला लागलेलंच नसल्यामुळे सगळे टॅग गायब. मग फोन येतो, मॅडम टॅग उडाले. उडालेले नसतात, त्या स्केलला दाखवायला त्यांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

हे गायब होणं खरं म्हणजे त्याचा मोठा फायदा आहे, लोक त्याला बिघाड समजतात. खोलीचं नाव मला 1:100 आणि 1:50 मध्ये हवंय, 1:20 च्या टॉयलेट डिटेलमध्ये नकोय कारण तिथे टाइल्सची मापं लिहायला जागा लागते. 1:20 स्केल जोडलंच नाही तर ते तिथे येतच नाही. वेगळा लेयर नको, फ्रीझ करणं नको. एकदा ही सवय लागली की प्लॅनची एकच फाइल ठेवून त्यातून वर्किंग आणि डिटेल दोन्ही काढता येतात.

पण सगळ्यांनी अ‍ॅनोटेटिव्ह वापरावं असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या कामावर अवलंबून आहे. ऑफिस फ्लॅटच्या इंटिरियरचं काम करत असेल, सगळं 1:50 ला निघत असेल तर साधा ब्लॉक 50 ने इन्सर्ट केला की झालं, उगाच गुंता नको. स्ट्रक्चरल किंवा प्लंबिंग कन्सल्टंट दुसरं सॉफ्टवेअर वापरत असेल, जुनी आवृत्ती वापरत असेल, तर फाइल द्यायच्या आधी त्याच्याकडे ती कशी उघडते ते एकदा प्रत्यक्ष बघून घ्या, काही ठिकाणी एकच टॅग दोन-तीन मापात एकावर एक दिसतो. जुन्या आवृत्तीत सेव्ह करताना सेटिंगमध्ये अ‍ॅनोटेटिव्ह वस्तूंची व्हिज्युअल फिडेलिटी चालू ठेवली तर वेगवेगळ्या स्केलचे आकार वेगळ्या लेयरवर जातात, म्हणजे समोरच्याला निदान नको तो लेयर बंद तरी करता येतो. आणि महानगरपालिकेच्या मंजुरीची फाइल मी पूर्ण वेगळी ठेवते. तिथे लेयर कोणते, काय कशावर काढायचं ते आधीच ठरलेलं असतं, त्यात आपल्या वर्किंग ड्रॉइंगचे टॅग आणि बबल घुसडू नयेत.

आता माप किती ठेवायचं, कारण लायब्ररी बनवताना तुम्ही हेच विचारणार. पुस्तकात अक्षरांची उंची 2.5, 3.5, 5, 7 अशी सांगितलेली असते आणि ए1 च्या कागदावर 2.5 छान वाचता येतं. पण मुंबईतल्या साइटवर ए1 किती वेळ टिकतो ते बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर मोठं शीट उघडायची सोयच नसते, सिमेंटचा हात लागतो, घडीवर फाटतं, म्हणून सुपरवायझर ए3 काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवतो. ए1 म्हणजे 594 बाय 841 आणि ए3 म्हणजे 297 बाय 420, दोन्ही बाजू बरोबर निम्म्या. म्हणजे तुमचं 2.5 चं अक्षर आता सव्वा मिलिमीटर. सेक्शन मार्कमधला 3 आणि 8 ओळखू येत नाही, 1 आणि 7 ओळखू येत नाही. त्यातून तो फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मिस्त्रीला पाठवतो, तिथे तो आणखी दबतो.

म्हणून माझ्याकडे बबलमधला नंबर 3.5 च्या खाली कधीच जात नाही, बबलचा व्यास 12. ए3 वर तो 1.75 आणि 6 होतो, उन्हात उभं राहून वाचता येतो. साध्या नोटा 2.5 ला चालतात कारण शब्द अर्धवट दिसला तरी माणूस अंदाजाने वाचतो, नंबराचा अंदाज करता येत नाही. आणि चिन्हाची रेघ भिंतीच्या रेघेपेक्षा बारीक ठेवा. कापलेली भिंत 0.5 असेल तर बबल 0.25 किंवा 0.18. बऱ्याच डाउनलोड केलेल्या लायब्ररीत सेक्शन मार्क इतका जाड आणि काळा असतो की प्लॅन उघडल्यावर आधी तेच दिसतात, भिंती नंतर.

डाउनलोड केलेल्या ब्लॉकवरून आठवलं. ते शक्यतो वापरूच नका. त्यांच्याबरोबर वीस अनोळखी लेयर येतात, ब्लॉकच्या आतल्या रेघा स्वतःचा रंग धरून बसलेल्या असतात आणि कितीतरी इंचात काढलेले असतात. तुमच्या फाइलचं युनिट मिलिमीटर आणि ब्लॉकचं इंच असेल तर ऑटोकॅड त्याला आपण होऊन 25.4 ने गुणतं आणि तुम्ही अर्धा तास शोधत बसता की हा असा का आला. आयएनएसयुनिट्स हे युनिटचं सेटिंग दोन्हीकडे एकच ठेवा. स्वतःचा ब्लॉक काढायला वेळ लागत नाही, लेयर 0 वर, रंग आणि जाडी बायलेयर (म्हणजे लेयरची जी असेल ती), इन्सर्शन पॉइंट जिथे चिन्ह खरंच टेकतं तिथे, म्हणजे लेव्हलच्या त्रिकोणाचं टोक, ग्रिड बबलला जिथे रेघ शिवते ती जागा, गोलाचा मध्य नाही. आत जे काही बदलतं ते अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळं भरता येणाऱ्या रकान्यात, साधं टेक्स्ट म्हणून नाही.

याचं कारण मुंबईच्या कामात जास्त पटेल. आपल्याकडे ए विंग काढली की बी विंग मिरर करतात. मिररटेक्स्ट 0 ठेवलं की अक्षरं उलटी होत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते सुट्या टेक्स्टला आणि बदलत्या अ‍ॅट्रिब्यूटला लागू होतं, ब्लॉकच्या पोटात साधं टेक्स्ट म्हणून जे लिहिलंय ते उलटंच होतं. आणि अक्षरं सरळ राहिली तरी अर्थ उलटलेला असतो. सेक्शनचा बाण आता दुसऱ्या बाजूला बघतोय, डाव्या हाताचं दार उजव्या हाताचं झालंय पण टॅग अजून तोच आहे, टॉयलेटचा उतार ट्रॅपपासून लांब जातोय असं कधीकधी दिसतं कारण ट्रॅप कोणीतरी नंतर हलवलाय. मिरर केल्यावर मी टॅग आणि मार्क पुसून टाकायला लावते आणि नव्याने टाकायला लावते. वेळ जातो खरा, पण टाकताना माणूस प्रत्येक दाराकडे एकदा बघतो.

इथवरचं एवढं लक्षात ठेवा: चिन्ह कागदाच्या मापात काढायचं, इमारतीबद्दल बोलणारं मॉडेलमध्ये, कागदाबद्दल बोलणारं लेआउटमध्ये, आणि स्केल एकापेक्षा जास्त असतील तर अ‍ॅनोटेटिव्ह. सेक्शन मार्क आणि डिटेलचा बबल मी मुद्दाम मागे ठेवलेत, कारण ते दोन्हीकडे बोलतात. त्यांचे पाय इमारतीत असतात, कुठे कापलंय ते सांगतात आणि बोट कागदाकडे असतं, कुठल्या शीटवर बघा ते सांगतात. तुमच्या सीनियर लोकांचा वाद बहुतेक याच दोघांवरून असणार. मी त्यांना मॉडेलमध्ये ठेवते कारण कापलेली जागा चुकली तर पुढचं सगळंच चुकलं. पण मग त्यातला शीट नंबर जिवंत कसा ठेवायचा हा प्रश्न उरतो, आणि तोच तुमचा शेवटच्या ओळीतला प्रश्न.

नऊ-दहा वर्षांपूर्वी उपनगरात एका सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं काम आमच्याकडे होतं, सात मजले. ए-11 वर मास्टर टॉयलेटची डिटेल्स, ए-12 वर कॉमन टॉयलेटची. काम सुरू असताना जिन्याचं एक जादा शीट मध्ये घालावं लागलं, पुढचे सगळे नंबर एकेक सरकले. मास्टर टॉयलेट झालं ए-12, कॉमन झालं ए-13. टायटल ब्लॉकमधले नंबर बदलले, यादी बदलली, पण प्लॅनमधले बबल तसेच राहिले. कॉमन टॉयलेटवरचा बबल अजून सांगत होता 3, ए-12. आणि नव्या ए-12 वर 3 नंबरचं डिटेल होतंच, मास्टर टॉयलेटचं. दिसायला अगदी सारखं, टॉयलेटच ते, फक्त डब्ल्यूसी आणि फ्लोअर ट्रॅप दुसऱ्या भिंतीला. सुपरवायझरने बबल वाचला, शीट उघडलं, त्याप्रमाणे दोन मजल्यांवर लाइन टाकून घेतल्या. तिसऱ्या मजल्याला प्लंबर म्हणाला की ही लाइन डक्टपर्यंत पोचत नाहीये. तोवर दोन मजल्यांचं काम तोडायची वेळ आली होती. सुपरवायझरची चूक काहीच नव्हती, बबल म्हणाला तसंच त्याने केलं. ते शीट मी तपासून सही केलं होतं. रेघा तपासल्या होत्या, मापं तपासली होती, बबलमधला नंबर वाचला नव्हता. ते दोन मजले तोडताना मी साइटवर उभी होते, आणि त्यानंतर आमच्याकडे बबलचा नंबर मापाइतकाच महत्त्वाचा धरला जातो.

चुकीचा नंबर कोऱ्या जागेकडे बोट दाखवत असेल तर बरं, माणूस फोन करून विचारतो. खरा धोका असतो तो चुकीचा नंबर भलत्याच पण सारख्या दिसणाऱ्या डिटेलकडे नेतो तेव्हा, आणि एकेकाने सरकलेले नंबर नेमके तिथेच नेतात, कारण आपण सारखी डिटेल्स शेजारी शेजारी ठेवतो.

यावर उपाय तीन पातळ्यांवर आहेत, तुमच्या ऑफिसात जे जमेल ते करा. सगळ्यात सोपा म्हणजे नंबरच असे द्यायचे की मध्ये घुसवायची वेळ येऊ नये. प्लॅन 101 पासून, एलिव्हेशन 201 पासून, सेक्शन 301 पासून, डिटेल्स 501 पासून, आणि त्यातही टॉयलेट 501 पासून, जिने 521 पासून, दारंखिडक्या 541 पासून. नवीन शीट आलं तर त्या गटाच्या शेवटी जातं, कोणाचा नंबर सरकत नाही. याला ना सॉफ्टवेअर लागतं ना पैसे, फक्त पहिल्या दिवशी अर्धा तास बसावं लागतं. आणि एकदा साइटवर गेलेल्या शीटचा नंबर कधीही बदलायचा नाही. शीट रद्द झालं तर नंबर रिकामा राहू दे, यादीत रद्द असं लिहा.

दुसरी पातळी, शीट सेट मॅनेजर. ऑटोकॅड 2005 पासून आहे, पण वापरणारी ऑफिसं मी फार कमी बघितली. त्यात तुमची सगळी लेआउट एका सेटमध्ये नोंदवलेली असतात आणि तिथून टाकलेल्या कॉलआउट ब्लॉकमधला, म्हणजे मार्क किंवा बबलमधला, नंबर टाइप केलेला नसतो, तो फील्ड असतो, म्हणजे त्या शीटचा नंबर सेटमध्ये बदलला की रीजन (ड्रॉइंग ताजं) केल्यावर बबलमधलाही बदलतो. ड्रॉइंगखालचं टायटलही तसंच. मेहनत सुरुवातीला आहे आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी नंबर तिथूनच बदलायचा ही शिस्त लागते. एकाने जरी बबलवर डबल क्लिक करून नंबर हाताने टाइप केला तर तिथलं फील्ड मरतं आणि दिसायला काहीच फरक पडत नाही. फील्ड जिवंत आहे का ते ओळखायचं तर स्क्रीनवर त्याच्यामागे फिकट राखाडी पट्टा दिसतो, प्रिंटमध्ये तो येत नाही. रेव्हिटवर, म्हणजे इमारतीचं 3डी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर, काम केलंत तर तिथे हे सगळं आपोआपच होतं, सेक्शन शीटवर ठेवला की मार्कमध्ये नंबर येतो. पण आपल्याकडे अजून बरीच लहान ऑफिसं डीडब्ल्यूजीवरच, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलवरच, चालतात, त्यामुळे ही शिस्त शिकून घ्याच.

तिसरी पातळी सगळ्यांनी करावी, आधीच्या दोन्ही केल्या असल्या तरी. ड्रॉइंग साइटला सोडायच्या आधी नंबरांची एक वेगळी फेरी. सेक्शन मार्क आणि डिटेल बबल अ‍ॅट्रिब्यूटवाले असतील तर डेटा एक्स्ट्रॅक्शनने त्यांची यादी एक्सेलमध्ये निघते, फाइलचं नाव, डिटेल नंबर, शीट नंबर. ती यादी छापून एक जण वाचतो, दुसरा शीट उघडून बघतो की तिथे तेच आहे का. नुसता नंबर आहे का ते नाही, तेच टॉयलेट आहे का, भिंती जुळतात का. आणि उलट फेरीही, प्रत्येक डिटेलच्या टायटलखाली ते कुठल्या प्लॅनवरून आलं तो शीट नंबर छोट्या अक्षरात लिहितो आम्ही. साइटवरच्या माणसाला दोन्ही बाजूंनी ताडून बघता येतं. साठ शीटच्या सेटला ही फेरी अडीच-तीन तास घेते.

लेव्हलच्या चिन्हाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण लायब्ररीत आहे म्हणालात म्हणून सांगते. ब्लॉक एडिटरमध्ये ब्लॉकप्लेसहोल्डर नावाचं फील्ड असतं, त्यातून ब्लॉकची स्वतःची जागा वाचता येते, म्हणून सेक्शनमध्ये शून्य लेव्हल बरोबर वाय शून्यावर ठेवली तर टॅग ठेवाल त्या उंचीचा आकडा स्वतः दाखवतो. फार उपयोगी आहे, पण सेक्शन उचलून दुसरीकडे ठेवलात की पुढच्या रीजनला सगळे आकडे बदलतात, म्हणून मी ते फक्त त्या फाइलमध्ये वापरते जिथे एकच सेक्शन आहे आणि तो हलणार नाही. त्याहून महत्त्वाचं, लेव्हल कशापासून मोजलीय ते लिहा. आपण वर्किंगमध्ये तळमजल्याची तयार फरशी शून्य धरतो, महापालिकेची रस्त्याची आणि नाल्याची लेव्हल टाउन हॉल डेटममध्ये, म्हणजे मुंबईत उंची मोजायला ठरलेल्या शून्यापासून, येते. शून्य म्हणजे टाउन हॉल डेटमचे किती, ते प्रत्येक सेक्शन शीटवर एका ओळीत पाहिजेच. नाहीतर ड्रेनेजची लाइन रस्त्याच्या चेंबरला जोडताना दोन माणसं दोन वेगवेगळ्या शून्यांवरून भांडतात. आणि आकडा तयार फरशीचा की स्लॅबचा तेही चिन्हातच असू दे, त्यासाठी दोन वेगळे ब्लॉक ठेवा, एकच ठेवून बाजूला लिहू नका, लिहायचं राहून जातं.

नॉर्थचं चिन्ह माझ्या नियमाला थोडं अपवाद आहे. ते जमिनीबद्दल बोलतं पण त्याची जागा शीटच्या कोपऱ्यात असते. प्लॅन शीटवर सरळ बसावा म्हणून व्ह्यूपोर्ट फिरवला की लेआउटमधला बाण फिरत नाही, तो वरच बघत राहतो. म्हणून मी मॉडेलमध्ये सर्व्हेवरून खऱ्या उत्तरेची एक रेघ न छापणाऱ्या लेयरवर काढून ठेवते आणि लेआउटमधला बाण तिला समांतर करते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्लॅन भिंतीवर लावला की निम्मे लोक आधी उत्तरच शोधतात, देवघर कुठे, किचन कुठल्या दिशेला, आणि तिथे बाण चुकला तर पुढच्या सगळ्या प्लॅनवरचा विश्वास जातो. अशा फिरवलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये अ‍ॅनोटेटिव्ह टॅग सरळ राहावेत म्हणून ब्लॉक बनवताना लेआउटच्या दिशेशी जुळवायचा एक पर्याय असतो, त्यावरही टिक करा.

आणि पहिल्या शीटवर सगळ्या चिन्हांची यादी द्या. आयएस 962 मध्ये बांधकामाच्या ड्रॉइंगसाठी संकेत दिलेले आहेत, कॉलेजात तेच शिकवतात, पण प्रत्येक ऑफिसची थोडीफार स्वतःची पद्धत असतेच आणि काँट्रॅक्टर एका वेळी चार ऑफिसांची ड्रॉइंग वाचत असतो. यादीत आहे ते ड्रॉइंगमध्ये असावं आणि ड्रॉइंगमध्ये आहे ते यादीत.

आता तुम्ही काय करावं. चालू कामाच्या फाइल्सना हात लावू नका, अर्ध्या जुन्या अर्ध्या नव्या पद्धतीच्या फाइली सगळ्यात वाईट, त्या जशा आहेत तशाच पूर्ण होऊ देत. सीनियरना विचारून पुढच्या नवीन कामासाठी फक्त तीन ब्लॉक नव्याने काढा, सेक्शन मार्क, डिटेल बबल आणि लेव्हल. अ‍ॅट्रिब्यूट नंतर बदलले तर अ‍ॅटसिंक करायला विसरू नका, नाहीतर आधी टाकलेले ब्लॉक जुनेच राहतात. एक प्लॅन 1:100 ला आणि त्यातलंच एक टॉयलेट 1:20 ला, असं एका ए1 वर बसवा आणि त्याची ए3 प्रिंट काढून साइटवर जाणाऱ्या कोणालाही द्या, त्याला नुसतं विचारा की हे टॉयलेट कुठल्या शीटवर सापडेल. तो कुठे अडखळला ते मला कळवा, मग बबल किती मोठा करायचा ते सांगते.